ऑफिसातला जाच : या वयात कुणाला सांगायचं?

जमाखर्च | रात्री 11.48

नेहमी वाचनमात्र असतो. हे लिहायला तीन रात्री लागल्या. दोनदा लिहून पुसलं.

वय 46. पुण्याजवळच्या एमआयडीसीतली मध्यम आकाराची कंपनी, लेखा विभाग, 11 वर्षं. दोन वर्षांपूर्वी दोन प्लांटचे लेखा विभाग एकत्र केले आणि तिकडून पाच जण आमच्या मजल्यावर आले. त्यातल्या एकाला 'अ' म्हणू. माझ्याच ग्रेडचा, वयाने नऊ वर्षांनी लहान. माझा साहेब नाही, हे आधीच सांगतो, कारण सगळे पहिलं तेच विचारतील.

व्हेंडरची थकबाकी सॉफ्टवेअरमध्ये असली तरी मी एका लांब वहीत लिहून ठेवतो. सवय आहे. त्यावरून अ ने पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, मुनीमजी. सगळे हसले, मीही हसलो. तिथेच चुकलं बहुतेक. आता कॅन्टीनचा पोऱ्यासुद्धा 'मुनीमजी, चहा' म्हणून कप ठेवतो.

आमचा डबा एक वाजता असायचा. कधीतरी तो बाराचाळीसला झाला. मला कुणी बोललं नाही. मी एकला जातो तेव्हा झाकणं लागत असतात. 'अरे काका, आत्ताच झालं की!'

जीएसटीचं काम करणाऱ्यांना कळेल : 14 तारखेला 2बी येते, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, आणि 20 ला 3बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, भरायची. ज्या पुरवठादाराचं बिल 2बीत नाही त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, त्या महिन्यात घेता येत नाही, म्हणून मधल्या सहा दिवसांत पुरवठादाराला फोन, त्याच्या सीएला फोन, नुसती पळापळ. दुसऱ्या प्लांटच्या बिलांची यादी अ कडून यायची असते. ती 19 ला संध्याकाळी येते. 20 ला सकाळी हेडसमोर तोच म्हणतो, 'बाकी सगळं तयार आहे सर, काकांचंच व्हायचंय.'

हे सगळं गिळत होतो. गेल्या गुरुवारी आमच्या ट्रेनी मुलाने ऑफिसच्या ग्रुपवर चुकून एक स्टिकर टाकलं आणि लगेच उडवलं. मी पाहिलं होतं. माझाच फोटो. चष्मा नाकावर, तोंड उघडं, खाली 'मुनीमजी हिशेब जुळवताना'. म्हणजे दुसरा एक ग्रुप आहे, आणि त्यात मी स्टिकर आहे.

संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावून वीस मिनिटं तसाच बसलो. मुलगा सातवीत असताना त्याला वर्गातली पोरं त्रास द्यायची तेव्हा मी शाळेत जाऊन भांडून आलो होतो. आता घरी काय सांगू? 'मला ऑफिसातली मुलं चिडवतात'?

---

तिखटमीठ | रात्री 12.20

काका (सॉरी!), राग मानू नका, पण हे जरा जास्त होतंय. प्रत्येक ऑफिसात टोपणनावं असतात. आमच्या एका साहेबाला अख्खा फ्लोअर 'थर्मास' म्हणायचा. कातडी जाड करा. एकदा त्या अ ला सगळ्यांसमोर सणसणीत उत्तर द्या, गप्प बसेल.

---

रातराणी | पहाटे 4.35

नाइटला आहे, आत्ता जरा वॉर्ड शांत आहे म्हणून लिहितेय.

तिखटमीठ, थर्मास साहेब होता. त्याच्या पाठीमागे बोलत होतात, तोंडावर नाही. साहेबाला नाव ठेवणं आणि सगळ्यांनी मिळून एकाला धरणं यात फरक आहे.

जमाखर्चदादा, मी 14 वर्षं स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे हा प्रकार ड्युटी लिस्टमधून होतो. माझ्या आधीच्या हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टरची मर्जी गेली की ऑफ बरोबर दोन नाइटच्या मध्ये यायचा, म्हणजे नावाला ऑफ, प्रत्यक्षात झोपण्यात गेला. दिवाळीला सलग चार वर्षं माझी ड्युटी. विचारलं की 'रोटेशनने लागते गं'.

पण त्याहून वाईट म्हणजे ओव्हर. सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला पेशंट समजावून देते, त्याला आम्ही ओव्हर म्हणतो. मला ओव्हर देताना मुद्दाम गाळायच्या. एकदा सहा नंबरच्या आजींचं दुपारचं इन्सुलिन दिलंय का, चार्टवर सही नव्हती. विचारलं तर 'फाइल वाच, शिकलीयेस ना' म्हणून पर्स उचलून चालती झाली. मी आजींनाच विचारलं. आजी म्हणाल्या, दिलं वाटतं बाई. वाटतं! दोनदा गेलं असतं तर? शुगर तपासली, डॉक्टरांना फोन केला, मग पुढचं. त्या दिवशी कळलं की हा माझ्या एकटीचा त्रास राहिलेला नाही.

तुमच्या त्या 19 तारखेच्या यादीचंही तसंच आहे. त्यात नुकसान कंपनीचं आहे. तो धागा पकडा.

---

अनुस्वार | सकाळी 8.10

शीर्षकात 'जाच' लिहिलंत ते फार नेमकं आहे. रॅगिंग म्हटलं की कॉलेज आठवतं, दादागिरी म्हटलं की नाका. छळ म्हटलं की लोक चटके आणि वळ शोधतात. जाच म्हणजे रोजचं, बारीक, कुणाला दाखवता न येणारं. आमची आजी तिच्या सासुरवासाबद्दल सांगायची, मारलं कुणी नाही, पण भाकरीवर तूप वाढताना वाटी माझ्यापाशी येऊन संपायची.

थोडं अवांतर. कावळे घुबडाला दिवसा टोचून टोचून हाकलतात ते पाहिलं असेल. पाश्चात्त्य पक्षी-अभ्यासक याला 'मॉबिंग' म्हणतात. हाइन्झ लेमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात स्वीडनमध्ये हाच शब्द ऑफिसातल्या माणसांसाठी वापरला. त्याने मोजमापही ठरवलं होतं, आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने. एखादा खडूस दिवस त्यात बसत नाही. स्वीडनने 1993 मध्ये त्याविषयी नियमही केले. तुमचं दोन वर्षं चाललंय, म्हणजे 'जास्त होतंय' वगैरे काही नाही.

---

तिखटमीठ | सकाळी 9.02

बरं बाबा. पण उलट उत्तर द्यायला काय हरकत आहे ते कुणी सांगेल का?

---

रातराणी | सकाळी 9.40

दिलं होतं मी. पुढचे सहा महिने 'सिस्टर फार उद्धट आहेत' हे सगळ्या डॉक्टरांपर्यंत पोचलेलं होतं. घुबडाने पंख फडफडवले की कावळे वाढतात. झोपते आता.

---

निवृत्त_कार्यासन | सकाळी 10.15

शासकीय सेवेत 34 वर्षं काढली. आमच्याकडची पद्धत वेगळी. कुणाला जाच करायचा असेल तर काम वाढवत नसत, काढून घेत. एका सहकाऱ्याचं कार्यासन, म्हणजे कामाचं टेबल, बदललं आणि त्यांना रेकॉर्ड रूमशेजारी खुर्ची दिली. फाइल एकही नाही. सही करून बसायचं, पाच-पंचेचाळीसला उठायचं. पहिला आठवडा गंमत वाटली, लोक म्हणाले नशीबवान आहेस. तिसऱ्या महिन्यात तो माणूस जुन्या फायलींना नव्याने दोरे बांधत बसलेला मी पाहिला आहे. कुणी सांगितलं नव्हतं. हातांना काम पाहिजे म्हणून.

दुसरं हत्यार गोपनीय अहवाल, म्हणजे साहेबाने वर्षभराच्या कामाबद्दल लिहिलेला अहवाल. वर्षभर गोड बोलायचं आणि मार्चनंतर शेरा मारायचा. पूर्वी फक्त प्रतिकूल शेरे कळवत, आणि 'साधारण' हा प्रतिकूल नाही म्हणून तो कळायचाच नाही. बढती अडली की समजायचं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त खटल्यात सांगितलं की प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. त्यानंतर निदान कागद हातात येऊ लागला, त्यावर निवेदन देता येऊ लागलं.

कागद, जमाखर्चसाहेब. तुम्ही हिशेबातले, तुम्हाला मी काय सांगावं. तोंडी जाचाला तोंडी उत्तर म्हणजे नुसती धुळवड.

---

पगारपत्रक | दुपारी 1.30

मी एचआरमध्ये आहे, दुसऱ्या शहरात. शिव्या खायच्या तयारीनेच लिहिते.

पहिली गोष्ट, एचआर कंपनीचं असतं. तुमची मैत्रीण समजून दार ठोठावू नका. दुसरी गोष्ट, माझ्याकडे 'अमुक माझा मानसिक छळ करतो' अशी मेल आली की मी दोघांना बोलावते, तो म्हणतो 'मस्करी होती मॅडम', हात मिळवतात, मी नोंद करून फाइल बंद करते. वाईट वाटतं, पण त्या मेलमध्ये मला धरायला काही नसतं.

तेच कुणी असं लिहिलं की 'गेले चार महिने यादी 19 तारखेला अनुक्रमे इतक्या वाजता मिळाली, मेल जोडल्या आहेत, त्यामुळे इतक्या रकमेचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर गेलं', तर ते मला बंद करता येत नाही. फायनान्स हेडला विचारावंच लागतं. डबा, टोपणनाव, स्टिकर हे त्याच्या खाली लिहा, वर नाही. मला माहीत आहे की तुम्हाला जास्त लागलंय ते डब्याचं.

आता एक अप्रिय प्रश्न. तुमचं काम खरंच उशिरा होतं का? रागावू नका. मी समोर असते तर हेच विचारलं असतं आणि अ तर विचारणारच.

---

जमाखर्च | दुपारी 3.05

रागावलो नाही. खरं उत्तर असं की एकत्रीकरणानंतर नवीन सॉफ्टवेअर आलं, पहिले सहा महिने मी हळू होतो. दोनदा चुकलोही. एकदा एकाच पुरवठादाराला दोनदा पेमेंट निघालं असतं, ते अ नेच पकडलं. सगळ्यांसमोर पकडलं, पण पकडलं. तेव्हापासून मला वाटत राहतं की आपल्याला बोलायचा अधिकार नाही.

आता हळू नाही. तपासून पाहिलं, गेल्या आठ महिन्यांत माझ्या प्लांटचं काम 17 च्या पुढे गेलेलं नाही.

डब्याचं बरोबर ओळखलंत.

---

कलम_किल्ली | सायंकाळी 6.50

कामगार कायद्याची वकिली करतो. हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

ऑफिसातल्या सर्वसाधारण जाचासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. 2013चा कायदा आहे तो महिलांच्या लैंगिक छळापुरता. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते, तक्रार तीन महिन्यांच्या आत, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. जातीवरून अपमान असेल तर 1989चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. धमकी असेल तर भारतीय न्याय संहिता. जमाखर्च यांचं प्रकरण यातल्या कशातच बसत नाही, आणि अ सारख्यांना हे न शिकताच कळलेलं असतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 मध्ये कामाच्या जागच्या हिंसा आणि छळाबद्दल करार केला, 190 क्रमांकाचा. त्यात मानसिक छळही येतो. भारत त्यात सामील झालेला नाही.

तरी एक दार आहे. 20 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. 'आम्ही काय कामगार नाही, एक्झिक्युटिव्ह आहोत' असं लोक म्हणतात. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय ते कोणी बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतात. लेखनिकी काम करणारा कामगारच. हाताखाली माणसं असली, रजा मंजूर करत असलात, तर गोष्ट बदलते.

आणि हे सगळ्यांनी वाचा : पुरावा म्हणून ऑफिसच्या मेल आणि फायली स्वतःच्या खासगी मेलवर धाडू नका. माझ्याकडे आलेल्या एका माणसाचा छळ बाजूला राहिला आणि कंपनीने माहिती बाहेर नेल्याबद्दल त्यालाच नोटीस दिली. स्वतःच्या वहीत तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं ते लिहा. मूळ मेल ऑफिसच्याच खात्यात वेगळ्या फोल्डरला ठेवा. आपल्या फोनवर आलेले मेसेज उडवू नका. उद्या कोर्टात द्यायची वेळ आली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

---

यारा_नदी | रात्री 8.15

मेलबर्नहून. इथे कायदा आहे. 2014 पासून फेअर वर्क कमिशनकडे, म्हणजे नोकरीतल्या तंट्यांच्या आयोगाकडे, 'हे थांबवा' असा आदेश मागता येतो. पण त्या अर्जातून पैसे मिळत नाहीत आणि तुम्ही त्याच नोकरीत असावं लागतं. म्हणजे अर्ज करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच पँट्रीत त्याच माणसाशेजारी कॉफी ओतायची. माझ्या माहितीतल्या दोघींनी अर्ज भरला, पाठवला नाही, नोकरी बदलली. कायदा नको असं म्हणत नाही. त्या शब्दामुळे एवढं झालं की 'मला बुली करतात' म्हटल्यावर समोरचा हसत नाही.

---

पाणकावळा | रात्री 1.12

धागा सकाळपासून चार वेळा वाचला. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये एक जण होता. बोलताना थोडा अडखळायचा. आमचा अ वेगळा होता, पण स्टिकरखालच्या ओळी मी लिहायचो. माझ्या ओळी सगळ्यात चांगल्या असायच्या. त्या माणसाबद्दल माझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे खरंच सांगतो. ग्रुपवर हशा आला की बरं वाटायचं, आणि तो आहे तोवर माझा नंबर लागणार नाही हेही आत कुठेतरी होतं.

तो एका शुक्रवारी गेला. निरोपाचा केक वगैरे झाला, आम्हीच वर्गणी काढली. जाताना माझ्याकडे येऊन म्हणाला, 'तू लिहितोस चांगलं.' म्हणजे त्याला माहीत होतं.

त्याचं स्टेपलर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर व्हाइटनरने त्याचं नाव आहे. चांगलं चालतं, म्हणून टाकत नाही असं मी सांगतो.

जमाखर्च, तुमच्या त्या ग्रुपात पाच-सहा जण असतील तर त्यातले चार माझ्यासारखे असणार. अ शी बोलू नका. त्या ट्रेनीशी बोला. एकेकट्याला गाठा.

---

तिखटमीठ | रात्री 1.30

पाणकावळा, लिहायला हिंमत लागते. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. कालपासून आमच्या टीममधलं एक टोपणनाव आठवतंय.

---

रातराणी | सकाळी 7.25

स्टेपलरच्या मालकाला फोन केलात का कधी?

जमाखर्चदादा, झोप कशी आहे? जेवण? रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो का? येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, फक्त अॅसिडिटी म्हणू नका. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि वहिनींना सांगा. त्यांना कळलेलं असणारच, त्या तुमच्या सांगण्याची वाट बघत असतील.

---

पाणकावळा | सकाळी 8.02

नाही केला.

---

जमाखर्च | नऊ दिवसांनी, रात्री 10.30

सगळ्यांचे आभार मानत बसत नाही, काय झालं ते लिहितो.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, 'दीड वर्षं डबा अर्धा परत येतोय, मला वाटलं माझ्या हाताची चव गेली.' यापुढे काही सुचेना.

निवृत्त_कार्यासन यांचं ऐकून वहीत मागचं सगळं लिहून काढलं. हो, त्याच लांब वहीत. डावीकडे तारीख-वेळ, उजवीकडे काय घडलं. लिहिताना दोन गोष्टी कळल्या. एक, काही प्रसंग मी मनात फार मोठे केले होते. लिहिल्यावर ते दोन ओळींचे निघाले आणि खोडले. दुसरं, यादीचा उशीर मला तीन-चार वेळचा वाटत होता, तो अकरा वेळा निघाला. अकराही मेलवर वेळ छापलेली आहे. सर्वांत लवकरची 19 तारीख, संध्याकाळी 5.55.

ट्रेनीशी बोललो. पार्किंगमध्ये, दोघंच. मी काही म्हणायच्या आतच तो रडकुंडीला आला. ग्रुप सोडला तर आपलं काय होईल याची त्याला भीती आहे. मी म्हटलं सोडू नकोस, फक्त माझा फोटो काढू नकोस. त्याने मान हलवली. यापेक्षा जास्त मागवेना, 23 वर्षांचा आहे.

हेडला मेल केली आहे. तक्रार म्हणून नाही. 'यापुढे दुसऱ्या प्लांटची यादी 15 तारखेला दुपारी 2 पर्यंत मिळावी, गेल्या अकरा महिन्यांच्या वेळा सोबत', एवढंच, प्रत अ ला. हेडचं एका शब्दाचं उत्तर आलं, 'नोटेड'. अ त्या दिवसापासून माझ्याशी अतिशय गोड बोलतोय, ते जास्त भीतिदायक आहे. पगारपत्रकताई, 15 ला यादी नाही आली तर पुढची मेल तुमच्या जातभाईंना. तिचा मसुदा तयार आहे, स्टिकर सर्वांत खाली आहे.

डबा अजून एकलाच खातो. बाराचाळीसला जावं का यावर घरात मतभेद आहेत. मी नाही जाणार. काल स्टोअरचे एक जण समोर येऊन बसले, त्यांचीही वेळ एकचीच आहे म्हणे, अकरा वर्षांत मला माहीत नव्हतं. त्यांच्याकडे ठेचा असतो.

आणि कॅन्टीनचा पोऱ्या. त्याला आज थांबवलं आणि माझं नाव सांगितलं. तो गोंधळला. म्हणाला, 'मग मुनीमजी? साहेब, मला वाटलं ते तुमचं आडनाव आहे.'

---

पगारपत्रक | रात्री 10.52

15 ला दुपारी 2.01 वाजता इथे लिहा.

---

पाणकावळा | रात्री 11.40

@रातराणी, नंबर बदललाय त्याचा. शोधतोय.